जामियाची बावीस वर्षे : डॉ. झाकीर हुसेन

डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव निघाले की आपल्याला राष्ट्रपती भवन आठवते. 1967 साली ते भारताचे राष्ट्रपती झाले, या पदावर आलेले ते पहिले मुसलमान, त्याआधी उपराष्ट्रपती, त्याआधी बिहारचे राज्यपाल, 1963 मध्ये भारतरत्न, एवढे आपली मुले सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ करतात. शाळेच्या दिवाणखान्यात शेरवानी, टोपी आणि पांढऱ्या दाढीची त्यांची तसबीरही असते. परंतु या मानमरातबाच्या फार आधी, 1926 पासून 1948 पर्यंत, हा माणूस दिल्लीतील एका कंगाल शिक्षणसंस्थेचा प्रमुख होता. महिनाअखेर पगार निघेल की नाही याची तेथे खात्री नसे. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी वाचावीत ती ही बावीस वर्षे होत.

पालकसभेत एक तक्रार हटकून ऐकू येते. मुलगा हुशार आहे, पण चारचौघांत बोलायला कचरतो. मुलगी अभ्यासू आहे, पण आपल्याच्याने काही होणार नाही असे म्हणत बसते. यावर आपण उपदेश करतो, बक्षिसे देतो, थोरामोठ्यांची भाषणे ठेवतो. झाकीरसाहेबांचे चरित्र वाचताना मात्र वाटते की, आत्मविश्वास ही कुणी देण्याची वस्तू नाही. एखादे काम अंगावर घ्यावे, ते जिद्दीने तडीस न्यावे, मग तो आपसूक मागून येतो.

झाकीर हुसेन यांचे घराणे आफ्रिदी पठाणांचे, उत्तर प्रदेशातील फरुखाबाद जिल्ह्यात कायमगंज येथे स्थायिक झालेले. वडील फिदा हुसेन खान दैव आजमावायला हैदराबादेस आले, कायदा शिकले, वकिलीत नाव कमावले आणि कायद्याचे एक नियतकालिकही चालविले. तेथेच 8 फेब्रुवारी 1897 रोजी झाकीर जन्मास आला. सात भावांतला तो तिसरा. घरात सुबत्ता होती, पण ती फार दिवस टिकली नाही. 1907 मध्ये वडील वारले तेव्हा झाकीर अवघा दहा वर्षांचा होता. कुटुंब कायमगंजला परतले आणि त्याला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलात, वसतिगृहात ठेवण्यात आले. 1911 साली प्लेगने आई नेली. चौदाव्या वर्षी आई नाही, बाप नाही, आणि राहायला वसतिगृहाची खोली. आपल्या समाजात अशी मुले आजही आहेत आणि त्यांतली काही या संस्थेच्या शाळांतही असतील.

इटाव्याची शाळा साधेपणाबद्दल आणि शिस्तीबद्दल प्रसिद्ध होती. मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांची झाकीरवर विशेष नजर होती. मुलाला बोलण्याची देणगी आहे हे तेथे दिसून आले. तुर्कस्तानवर लढाईचे संकट आले तेव्हा वर्गणी गोळा करण्याच्या कामात हा शाळकरी पोर पुढे होता. कुणासाठी तरी हात पसरण्याची ही त्याची पहिली वेळ. पुढे आयुष्यभर हेच करायचे आहे हे त्याला तेव्हा कोठून माहीत असणार! याच सुमारास हसन शाह नावाच्या एका सूफी पुरुषाशी त्याचा संबंध आला. त्यांना ग्रंथांचे वेड, पण विकत घ्यायला पैसा नाही. म्हणून ते ग्रंथ नकलून घेत. झाकीरलाही त्यांनी नकला करायला बसविले. सुंदर अक्षर, काटेकोरपणा आणि पुस्तकाविषयीची अदब हे गुण त्यांच्या अंगी शेवटपर्यंत राहिले. त्यांचा उगम बराचसा या पानांमागून पाने लिहिण्यात असावा.

1913 मध्ये ते अलीगढला गेले. डॉक्टर व्हावे असे मनात होते. त्यासाठी लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात नावही घातले. पण आजारपणाने तो बेत मोडला. वर्ष वाया गेले. पुन्हा अलीगढला येऊन 1918 साली त्यांनी बी. ए. पुरे केले आणि पुढे अर्थशास्त्र व कायद्याचा अभ्यास सुरू केला. विद्यार्थी संघाचे उपाध्यक्षपद, वक्तृत्वाची बक्षिसे, मित्रांचा गोतावळा असे सर्व काही होते. सरकारी नोकरीची वाट उघडी होती. अलीगढच्या पदवीधराला त्या काळी याहून दुसरे स्वप्न नसे.

ऑक्टोबर 1920 मध्ये गांधीजी आणि अलीबंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजातून बाहेर पडा, असे आवाहन त्यांनी केले. झाकीर हुसेन त्या दिवशी प्रकृती दाखविण्यासाठी दिल्लीस डॉ. अन्सारींकडे गेले होते. परत येतात तो स्टेशनवर काही विद्यार्थी पाहुण्यांची टिंगल करीत असलेले त्यांनी ऐकले. त्यांना शरम वाटली. टिंगल करणे सोपे, पण कॉलेज सोडले तर शिकायचे कोठे, हा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी काही जण दिल्लीस पुढाऱ्यांकडे गेले आणि राष्ट्रीय विद्यापीठ काढत असाल तर आम्ही येऊ, असा शब्द देऊन आले. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढलाच जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. हकीम अजमल खान कुलपती आणि मौलाना मोहंमद अली पहिले कुलगुरू झाले. वर्ग तंबूंत भरत. तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन एका पायावर उभी असलेली कारकीर्द सोडून या तंबूंत आले.

1922 मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ व्हेर्नर झोम्बार्ट यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानच्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. तेथील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गालिबचा दिवाण देखण्या रूपात छापावा अशी त्यांची इच्छा होती. बर्लिनमध्ये काव्यानी नावाचा छापखाना होता. झाकीर हुसेन तेथे खिळे जुळवायला शिकले आणि दिवाणाची पाने त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळविली. 1925 मध्ये निघालेली ती छोटेखानी आवृत्ती आजही शौकीन लोक जपून ठेवतात. डॉक्टरेटचा विद्यार्थी छापखान्यात उभा राहून शाईने हात काळे करतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे चार बुके शिकलेला मुलगा दुकानाची फळी उचलायला लाजतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

इकडे जामियाची दशा वाईट झाली होती. तिचा खर्च खिलाफत कमिटीच्या पैशावर चाले. 1924 मध्ये तुर्कांनीच खिलाफत मोडीत काढली आणि पैशाचा झरा आटला. असहकाराची लाटही ओसरली होती. संस्था बंद करावी, असे जाणते लोक उघडपणे बोलू लागले. गांधीजींनी जामियासाठी झोळी घेऊन फिरण्याची तयारी दाखविली. हकीमसाहेबांनी 1925 मध्ये ती अलीगढहून दिल्लीला, करोलबागेत आणली आणि पदरमोड करून तगविली. ही बातमी युरोपात पोचली तेव्हा झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहंमद मुजीब या तिघा तरुणांनी कळविले की जामिया बंद करू नका, आम्ही येतो आणि आमचे आयुष्य तिला देतो. तिघेही उच्चविद्याविभूषित, तिघांनाही कोठेही चांगली जागा मिळाली असती.

1926 च्या आरंभी ते परतले आणि झाकीर हुसेन जामियाचे शेखुल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. वय एकोणतीस. पद मोठे, पण त्या पदाखाली होते काय? भाड्याची घरे, मूठभर मुले, थकलेले शिक्षक आणि देणेकरी. दोन वर्षांत आणखी एक घाव बसला. डिसेंबर 1927 मध्ये हकीम अजमल खान वारले. पैशाची सारी भिस्त त्यांच्यावर होती. तेव्हा 1928 मध्ये शिक्षकांनी एक मंडळ केले आणि त्याच्या सभासदांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. दीडशेचा आकडा कागदावरचा. प्रत्यक्ष हाती त्याहून पुष्कळ कमी पडे आणि तेही वेळेवर नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झाकीरसाहेबांच्या या त्यागाचा दाखला देऊन शिक्षकांना अपुऱ्या पगारावर राबविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती अप्रामाणिक आहे. त्यांनी इतरांना उपाशी राहा असे सांगितले नाही. प्रतिज्ञा ज्यांची त्यांनी केली आणि सर्वांत आधी स्वतः केली. शिवाय या त्यागाची किंमत घरच्या माणसांनी मोजली. 1915 मध्ये लग्न होऊन आलेल्या शाहजहान बेगमनी त्या तुटपुंज्या पैशांत संसार ओढला, मुली वाढविल्या. चरित्रकार त्यांच्यासाठी दोन ओळी खर्च करतात आणि पुढे जातात, हे बरे नव्हे.

दुसरी अडचण पालकांची होती, आणि ती आपल्याला चांगली समजेल. जामिया इंग्रज सरकारची मदत घेत नसे, म्हणून तिची पदवी सरकारदरबारी मान्य नव्हती. मुलाला तेथे घालायचे म्हणजे सरकारी नोकरीवर पाणी सोडायचे. असे असूनही लोक मुले पाठवीत, याचे कारण तेथील शाळा होती. कुलगुरू असूनही झाकीर हुसेन यांचा जीव प्राथमिक शाळेत गुंतलेला असे. तेथे मुलांना केवळ धडे दिले जात नसत. मुले आपली बँक चालवीत, आपले दुकान चालवीत, हिशेब ठेवीत, चुकले तर पुन्हा मांडीत. अब्दुल गफ्फार मुधोळी यांच्यासारख्या शिक्षकाने या उपक्रमांत आयुष्य घातले. गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या जर्मन ज्यू बाई बर्लिनच्या ओळखीतून जामियात आल्या आणि मुलांच्या आपाजान झाल्या. 1943 मध्ये त्या येथेच वारल्या. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पैशांची पेटी आणि वही द्यायची, आणि त्याच्यावर विश्वास टाकून दूर उभे राहायचे, हे सोपे नाही. आपण घरात मुलाच्या हाती काचेचा पेला द्यायला भितो.

स्वच्छतेबद्दल झाकीरसाहेब फार काटेकोर होते. मुलांनी टोपी आणि जोडे साफ ठेवून यावे, असे त्यांनी वारंवार सांगितले. काही मुले ऐकेनात. अशी आठवण सांगतात की, एके दिवशी मुले शाळेत येतात तो फाटकापाशी कुलगुरू स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन बसलेले. ज्याचे जोडे मळके, त्याने पाय पुढे करावा. मुले शरमेने चूर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून जोडे चकाकू लागले. ही गोष्ट सहसा नम्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. गरिबाच्या पोराने फाटके जोडे घातले तरी ते स्वच्छ असावेत, म्हणजे त्याची मान ताठ राहते; आणि हे काम कुलगुरूने वेळ मोडून करण्याइतके महत्त्वाचे आहे, असे ते मानीत होते.

त्यांची धाकटी मुलगी रेहाना लहानपणीच गेली. त्या दिवशी ते शाळेत मुलांना मिठाई वाटत होते. निरोप आला, तरीही मुलांचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी वाटप चालू ठेवले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे मुलांसाठी गोष्टी लिहिल्या त्या त्यांनी रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. त्यांतली अब्बू खानच्या बकरीची गोष्ट उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मूळ कल्पना एका फ्रेंच कथेची. अल्मोड्याच्या अब्बू खानच्या बकऱ्या दावे तोडून डोंगरात पळतात आणि लांडग्याच्या तोंडी पडतात. चांदणी नावाची बकरीही पळते. खुंट्यापाशी चारा आहे, माया आहे, पण तिला डोंगर हवा. लांडगा येतो तेव्हा आपण जिंकणार नाही हे ती जाणते आणि तरीही पहाट होईपर्यंत शिंगे रोखून झुंजते. ती मरते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो की जिंकले कोण, आणि एक म्हातारे पाखरू चांदणीच्या बाजूने कौल देते. जामियात बसलेल्या माणसाला ही गोष्ट का सुचली असेल ते उघड आहे.

जामियासाठी पैसे मागणे हे कुलगुरूंचे न संपणारे काम होते. नवाब, व्यापारी, वकील, सर्वांच्या पायऱ्या त्यांनी झिजविल्या. हे त्यांच्या स्वाभिमानी स्वभावाला जड जात असणार. पण मागणे आणि लाचारी यांत त्यांनी फरक केला. ज्या पैशाबरोबर संस्थेचे धोरण बदलण्याची अट येईल तो पैसा नको, हा दंडक. आणि मोठ्या देणगीदारावर विसंबायचे नाही, म्हणून हमदर्दाने-जामिया हे हितचिंतकांचे मंडळ काढून सामान्य माणसांकडून लहान लहान रकमा गोळा करण्याची रीत घातली. शफीकुर्रहमान किडवाईंनी त्यासाठी अपार पायपीट केली. एका धनिकाचे हजार रुपये बंद झाले की संस्था कोसळते. हजार माणसांचा एकेक रुपया एकदम बंद होत नाही. आपल्यासारख्या संस्थांच्या कार्यकारिणीने हा हिशेब ध्यानात घ्यावा.

या पैशांतून दिल्लीबाहेर यमुनेकाठी ओखल्याला जमीन घेतली गेली. 1 मार्च 1935 रोजी शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. अशा प्रसंगी आपण मंत्री बोलावतो, निदान एखादा धनवान. जामियाने कोनशिला बसविण्याचा मान शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला दिला. त्याचे नाव अब्दुल अझीझ.

दोन वर्षांनी झाकीर हुसेन आपल्या महाराष्ट्रात आले. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना हस्तव्यवसायातून शिकवावे आणि त्यांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची योजना. पहिला भाग झाकीरसाहेबांना मान्यच होता. जामियात ते तेच करीत होते. दुसऱ्या भागाविषयी त्यांनी भर परिषदेत शंका काढली. खर्च भागविण्यावर भर दिला तर मास्तर मुलांना राबवून घेतील, शिक्षण बाजूला राहील आणि कारखाना सुरू होईल, असा त्यांचा मुद्दा होता. समोर गांधीजी, भोवती त्यांचे भक्त! पण त्यांना बोलायला भीती वाटली नाही, कारण अकरा वर्षे मुलांत काढून ते बोलत होते. गांधीजींनीही अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले. डिसेंबरात अहवाल तयार झाला आणि त्यात हा धोका नोंदवलेला आहे. पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. नयी तालीम पुढे अनेक ठिकाणी नुसती टकळी फिरविण्यावर आली, हा दोष योजनेपेक्षा राबविणाऱ्यांचा अधिक.

नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या, काँग्रेस आणि लीग एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते. अशा वेळी ओखल्याच्या व्यासपीठावर पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि राजाजी एका बाजूला, जिना आणि लियाकत अली खान दुसऱ्या बाजूला बसले होते. दोन्ही बाजूंना बोलावू शकेल असा शिक्षक देशात दुसरा नव्हता. झाकीर हुसेन यांनी त्यांना कळकळीने विनविले की आग कोणी लावली याचा खल नंतर करा, आधी ती विझवा. आग विझली नाही. 1947 च्या ऑगस्टमध्ये काश्मीरकडे जाताना जालंदर स्टेशनवर ते स्वतः जमावाच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचविला. ते दिल्लीला परतले. सप्टेंबरात करोलबागेतील जामियाचे पुस्तकभांडार, मकतबा जामिया, जाळण्यात आले. वर्षानुवर्षे पै-पै जोडून छापलेली पुस्तके राख झाली. ओखल्याची मुले आणि शिक्षक वाचले, आणि शाळा पुन्हा भरू लागली.

1928 च्या प्रतिज्ञेची वीस वर्षे 1948 मध्ये भरली. त्याच साली त्यांना अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून बोलावण्यात आले; फाळणीनंतर त्या विद्यापीठाचे काय होणार याची साऱ्यांना धास्ती होती. जामियाचे काम मुजीबसाहेबांकडे सोपवून ते गेले आणि 1956 पर्यंत तेथे राहिले. नंतरचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिपद ही सर्वांना ठाऊक आहेत. त्या मोठ्या वाड्यांत त्यांनी गुलाब फुलविले, जीवाश्म जमविले आणि पुस्तके वाचली.

3 मे 1969 रोजी, राष्ट्रपतिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांची कबर ओखल्याला जामियाच्या आवारात आहे.